तांबडखाडीच्या राणीचा आवाज

खोत बाई वर्गात कधी आवाज चढवायच्या नाहीत. भिवंडीत हे सोपं नव्हतं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता आणि शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत त्याची खटखट चालू असायची. बाकीचे शिक्षक त्या आवाजावर मात करायला ओरडत आणि दुपारपर्यंत त्यांचे घसे बसत. मराठी शिकवणाऱ्या सकीना खोत बाई मात्र धडा रंगात आला की आवाज खाली आणत. मग अख्खा वर्ग बाकांवरून पुढे झुकायचा. "मोठ्यानं बोललं की लोक कान झाकतात," त्या म्हणायच्या, "हळू बोललं की कान पुढे करतात."

बाईंचं घराणं जुन्या भिवंडीतलं, कोकणी मुसलमान. घरात कोकणी, बाजारात हिंदी आणि वर्गात अशी मराठी, की ऐकत राहावं. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब त्यांचा तास ऐकून म्हणाले, "बाई, तुमचं मराठी फार छान आहे हो." बाई म्हणाल्या, "आभारी आहे. तुमचंही छान आहे." साहेब क्षणभर गोंधळले आणि मग मनापासून हसले.

कौतुक परतवून लावायची त्यांना सवयच नव्हती. कुणी म्हणालं, "आज कविता काय सुंदर म्हटलीत," तर बाकीचे लोक 'कसचं काय' म्हणतात, तसं त्या म्हणत नसत. "हो, आज चांगलीच जमली," म्हणायच्या. आमच्या वस्तीत मुलींना मान खाली घालून उभं राहायला शिकवत. चांगल्या कामाचा अभिमान उघडपणे बाळगायचा असतो, हे मला बाईंमुळे कळलं.

पुढे मी काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर झाले आणि ड्युटीतून उरलेल्या वेळात एक कादंबरी लिहू लागले. सहा-सात वर्षं लिहीतच होते. 'तांबडखाडीची राणी' हे तिचं नाव. नकाशावर कुठेच नसलेलं खाडीकाठचं राज्य, पाण्यावरून चालणारे वाघ, समुद्र बांधून ठेवणारा मांत्रिक आणि नावाड्यांच्या घरात जन्मून राणी झालेली नीरा. पुस्तक उशीएवढं जाड झालं. छापून आल्यावर पहिली प्रत बाईंना नेऊन दिली. तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या. पंधरवड्यानं त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सुजाता, या सेनापतीचं नाव काय ठेवलंयस? ध्रुक्ष्मवान?"

"हो बाई. भारदस्त वाटावं म्हणून."

"याची आई याला जेवायला कशी हाक मारत असेल?"

दुसऱ्या आवृत्तीत तो सेनापती 'धुरू' झाला. त्या दिवशी बाईंनी मला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. मीच लिहिलेलं मी ऐकत होते आणि पुढे काय होणार म्हणून वर्गातल्यासारखी पुढे झुकले होते. मी ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं.

पुस्तकाची ऑडिओ आवृत्ती करायला एक कंपनी तयार झाली, तेव्हा त्यांना एखादा गाजलेला नट हवा होता. मी बाईंचं रेकॉर्डिंग पाठवलं. दोन दिवसांनी तिथल्या दिग्दर्शकाचा फोन आला, "या कोण आहेत? कधी येऊ शकतील?"

ठाण्याच्या स्टुडिओत बाई रोज इस्त्रीची साडी नेसून येत, शाळेत जायच्या तशा. खटका उडाला तो नावाड्यांवरून. बाई त्यांना भिवंडीजवळच्या, खाडीकाठच्या कोन गावातल्या शेतकऱ्यांसारखं बोलायला लावत, 'हाय' आणि 'न्हाय' करत. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, हे काल्पनिक राज्य आहे. तिथे ठाण्याकडची बोली कशी येईल?"

"राज्य काल्पनिक आहे, पण नावाडी कुठल्या तरी पाण्यावरचा असणार ना?" बाई म्हणाल्या. "मला या पाण्यावरचा माहीत आहे." नावाडी तसेच राहिले.

अर्धं पुस्तक झालं आणि बाईंचा आवाज फुटू लागला. डॉक्टरांनी स्वरतंतूवर गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल, आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही, म्हणाले. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मी भेटायला गेले की आम्ही नुसत्या चहा पीत बसायचो. आयुष्यभर शब्दांवर जगलेली ती बाई समोर गप्प बसलेली बघवत नसे. पण त्यांच्या चेहऱ्यावर रडवेपणा कधी दिसला नाही.

गाठ साधी निघाली. आवाज परत आला, पण जाड आणि खरखरीत. कंपनीला उरलेला भाग दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचा होता. बाई मला घेऊन सरळ स्टुडिओत गेल्या. "आतापर्यंत राणी तरुण होती," त्या म्हणाल्या. "आता तिनं युद्ध पाहिलंय, मुलगा गमावलाय. तिचा आवाज तसाच राहील का? एक प्रकरण ऐका. नाही पटलं तर मी घरी जाते."

त्यांनी वाचायला घेतलं ते म्हातारी राणी खाडीकाठी उभी राहून बुडालेल्या नावाड्यांना एकेका नावानं हाक मारते, ते प्रकरण. प्रत्येक नाव त्या खरखरीत आवाजातून वर येत होतं. वाचून झाल्यावर दिग्दर्शकानं चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाला, "उद्यापासून पुढचं सुरू करू."

पुस्तक ऐकणाऱ्यांपर्यंत पोचलं आणि आमच्या भिवंडीला नवीनच विषय मिळाला. बाजारात कुणी विचारलं, "राणी तुम्हीच ना?" की बाई पिशवी खाली ठेवून म्हणत, "हो, मीच. कुठपर्यंत आलात?" मी सोबत असले की माझ्याकडे बोट दाखवत, "आणि हिनं लिहिलंय. माझी विद्यार्थिनी." तेवढं ऐकायला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर बाजारात जायची.

गेल्या वर्षी बाई गेल्या. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती, त्यात निम्मे त्यांचे विद्यार्थीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर टेम्पो लावून एक ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. घरातलं कुणीच त्याला ओळखत नव्हतं. चपला बाहेर काढून तो हळूच म्हणाला, "मी कोनचा. राणीचं घर ह्येच हाय का?"

बाईंचा मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी उठून दारापर्यंत गेले.

"हो, हेच," मी म्हणाले. "आत या."