कडेचा तुकडा

राणे मॅडम काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि गाठ सोडून भलतीकडेच बघत बसायच्या. घाटकोपरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना ती सापडतच नाहीये. "मॅडम, कॅन्सर इकडे आहे," मी आगाऊपणे म्हटलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तो खंय पळतलो, मेल्या? आधी त्याचो शेजार बघ."

शेजार म्हणजे गाठीभोवतीची, वरवर चांगली दिसणारी जागा. कॅन्सरची एकसारखीच पेशी एकाच्या अंगात वर्षानुवर्षं निमूट पडून राहते आणि दुसऱ्याच्या अंगात हातपाय पसरते. का, ते तिथे कळतं, असं त्यांचं ठाम मत. रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी गाठीबाहेर नुसत्याच घोळका करून दिसल्या की म्हणायच्या, "हवालदार टपरीवर चहा पितायत. चोर कशाला घाबरेल रे?"

कापून काढलेल्या भागाच्या कडेचा तुकडा तपासून, अंगात काही मागे राहिलं का ते बघितल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. मी तो एकदाच मोडला. मॅडम दीड महिना रजेवर, कामाचा ढीग साचलेला. मुलुंडच्या कुणा वैशाली परबांच्या स्तनातली गाठ आली. मी मधला भाग तपासला, कॅन्सर लिहिला आणि 'कड डोळ्यांना साफ दिसते' असं ठोकून दिलं. उरलेला नमुना महिन्यानं नेहमीप्रमाणे नष्ट झाला.

मॅडम परतल्या त्या वाळून. आल्या आल्या त्यांनी त्या परबांचीच काचपट्टी मागितली. बराच वेळ डावीउजवीकडे सरकवत राहिल्या.

"कडेचा तुकडा कुठाय?"

"घेतला नव्हता, मॅडम. साफ दिसत होती."

"बरं," एवढंच म्हणाल्या. एरवी त्यांनी मला सोलून काढलं असतं. मी सुटलो म्हणून खूश झालो, याची आज लाज वाटते.

दोन वर्षांनी त्या गेल्या. आजार हाडांत पसरला होता. घरच्यांना भेटायला मुलुंडला गेलो, तर दारावर पाटी परबांची. वैशाली हे लग्नात तांदळात लिहिलेलं सासरचं नाव कागदोपत्री होतं. राणे त्या फक्त डिग्रीवर आणि आमच्यात. त्यांचे यजमान म्हणाले, "तुझं नाव काढायची हो. पोरगा हुशार आहे, म्हणायची, फक्त घाई करतो."

कडेवर काही होतं की नव्हतं, हे आता कुणालाच कळणार नाही. ती काचपट्टी मी जपून ठेवली आहे. अधूनमधून लावतो, हळूहळू कडेकडे सरकवत नेतो. गाठीच्या पेशी दिसत राहतात, दिसत राहतात, आणि मग नुसती काच.