गच्चीवर वाळवलेला नमुना

कात्रपच्या बबनरावांना आमटीतसुद्धा पाणी किती टक्के ते कळतं, अशी शेजारी थट्टा करत. कामच तसलं. अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत खाणीतल्या खनिजाचे नमुने तपासायचे आणि माल जहाजात भरायला धोक्याचा आहे का, ते लिहून द्यायचं. बारीक खनिज दिसतं कोरडं, पण आत ओल जास्त असली की लाटांच्या हिसक्यांनी त्याचा चिखल होतो, तो एका अंगाला सरकतो आणि जहाज कलंडतं. म्हणून बबनराव आधी डब्यात नमुना भरून टेबलावर पंचवीस वेळा आपटत, वर पाणी सुटतं का बघत, मग वजन करून ओल मोजत. बावीस वर्षांत टेबलाला खळगा पडला, यांच्या मनगटाचा जोर काही कमी झाला नाही.

मागच्या मे महिन्यात खाणीचा ड्रायव्हर नमुना घेऊन शनिवारी उशिरा पोचला. प्रयोगशाळेला कुलूप लागलेलं. नियमाने त्याला परत पाठवायचं. पण बबनरावांना दया आली आणि त्यांनी पिशवी घरी आणली. रविवारी ते साडूच्या वास्तुशांतीला सोनिवलीला गेले.

सोमवारी पिशवीला सुरगाठ दिसली. बायकोची, अंजनाबाईंचीच. 'हिला आवराआवर केल्याशिवाय चैन नाही,' म्हणत ते हसले आणि डबा आपटला. वर थेंब सुटला नाही. ओलही मर्यादेत. माल पास.

एकोणिसाव्या दिवशी जहाज कलंडलं. बाकीचे वाचले, स्वयंपाकी बुडाला.

"अगं, त्या पिशवीला हात लावला होतास?"

"हात कसला! आतली माती गच्च ओली होती हो. कुरडयांशेजारी गच्चीवर पसरली, दिवसभर ऊन दिलं. कावळे हाकलून हाकलून हात दुखले, पण कण सांडू दिला नाही. चांगली झाली होती ना?"

बबनराव म्हणाले, "चांगली झाली होती."

चौकशीत साहेबांनी विचारलं, "पिशवी कोणी उघडली?"

"मी."

"वाळवली?"

"मीच."

"बावीस वर्षं काम करून एवढं कळू नये?"

"नाही कळलं, साहेब."

नोकरी गेली. का गेली, ते अंजनाबाईंना अजून ठाऊक नाही. "डबे आपटण्यातसुद्धा चूक केलीत? कमाल आहे तुमची," असं त्या अधूनमधून चिडवतात. तेही हसतात.

यंदाच्या मेमध्ये अंजनाबाईंनी गच्चीवरून हाक मारली, "अहो, या कुरडया वाळल्यात का बघा. तुम्हाला बरोबर कळतं."

बबनरावांनी एक कुरडई तळहातावर घेतली. तशीच धरून उभे राहिले.

"तूच बघ," ते म्हणाले. "मला आता नाही कळत."