भाच्याची डावी मूठ

भाच्याच्या जावळासाठी पुण्याहून निघालो आणि बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात बहिणीच्या सासरी पोचलो, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, पण आवाज नव्हता. अंगणात बायका पुऱ्या लाटत होत्या, त्या कुजबुजत. मुलं चपला हातात घेऊन आत येत होती. मला वाटलं, आत कोणी आजारी असेल.

आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मला पाटावर बसवलं, डोक्यावर टोपी घातली आणि बहिणीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. वर्षाच्या आतलं पोर, केस कानांवर आलेले. जन्मल्यावर ते लवकर रडलं नव्हतं. प्राणवायू कमी पडला आणि मेंदूच्या एका बाजूला इजा झाली, असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं. उजवा हात वस्तऱ्याकडे सारखा झेपावत होता. डाव्याची मूठ मिटलेली होती, अंगठा आत.

"मामाजी, जरा टाइट पकडा," न्हावी म्हणाला. "हा हिरो आज माझीच हजामत करणार."

कोणी मोठ्यानं हसलं नाही. मी सहज बाळाच्या अंगठ्याखाली बोट घालून मूठ उघडायला गेलो. ते कळवळून रडलं. बहीण पुऱ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

"दादा, नको! सोड त्याला. त्या पेशी खवळतील ना!"

'खवळतील' हा शब्द माझा होता. तिला फोनवर मीच दिला होता.

मी पुण्यात पीएचडी करतो. मेंदूत राखण करणाऱ्या काही पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. बाळ पोटात असतानाच त्या मेंदूत येऊन राहतात. वाढत्या मेंदूत त्यांना दुहेरी काम असतं. चेतापेशींमधले नको असलेले जोड छाटायचे आणि कुठं काही बिघडतंय का ते आपल्या बारीक फांद्यांनी चाचपत राहायचं. इजा झाली की त्या फांद्या आखडून घेतात, गोल होतात, जखमेपाशी गोळा होतात आणि मेलेलं खाऊन टाकतात. कधी कधी त्या लवकर शांत होत नाहीत आणि चांगल्यालाही धक्का लावतात. मी हे उंदरांच्या पिलांच्या मेंदूत बघतो.

बाळ काचेच्या पेटीत असताना बहिणीनं रडत फोन केला होता. तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं. माझाच विषय निघाला म्हणून मला चेव आला होता, हे आज लिहून टाकतो. ह्याच पेशी जखम सावरायलाही मदत करतात, त्या नसल्या तर नुकसान वाढूही शकतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते मी सांगितलं नाही. खवळून खात सुटणाऱ्या पेशींची गोष्ट जास्त रंगत होती. शेवटी म्हणालो, "मेंदूला शांत ठेवणं महत्त्वाचं." आणि फोन ठेवला.

"व्यायाम करून घेतेस ना?" मी विचारलं. "हाताचा?"

"तो तर तेव्हाच बंद केला," ती हळूच म्हणाली. "बुऱ्हाणपूरच्या व्यायामाच्या मॅडम हात ओढायला सांगायच्या. हा लई रडायचा. तूच तर बोलला होता, शांत ठेव म्हणून."

तिच्या सासूबाई कौतुकानं पुढे आल्या. "तुमचा शब्द आम्ही खाली पडू दिला नाही, मामा. मालिश बंद, टाळू भरणं बंद, टीव्ही बंद. कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही. शिट्टी यायच्या आधी ही पळत जाऊन गॅस बंद करते."

ते ऐकून माझी मान खाली गेली. शिट्टी थांबवायला ती माझ्यामुळेच शिकली होती. बुऱ्हाणपुरात आमचं घर पॉवरलूमच्या गल्लीत. वडील लूमवर. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. लूमची खडखड थांबवता येत नव्हती, म्हणून माझ्या परीक्षेच्या दिवसांत ही धाकटी बहीण घरातला बाकी सगळा आवाज थांबवायची. कुकरजवळ फडकं घेऊन उभी राहायची. तिच्या लेखी डोकं नीट चालायचं तर घर शांत हवं, आणि त्याचा पुरावा म्हणजे मी. मी पीएचडीला लागलो तेव्हा समाजानं केलेल्या माझ्या सत्काराला पहिल्या रांगेत बसून ती सर्वांत जास्त रडली होती. तिथं व्यासपीठावरून मला 'आपल्या समाजाचे डॉक्टर' म्हणाले. मी दुरुस्ती केली नाही. ऐकायला बरं वाटलं होतं.

बाळ मुसमुसत होतं. अर्धं डोकं झालेलं, अर्धं राहिलेलं. न्हावी वस्तरा धरून थांबला होता.

"मी तसला डॉक्टर नाही," मी म्हणालो. आवाज फार लहान निघाला. "मी पेशंट बघत नाही. उंदरांची पिलं बघतो. मॅडमनी सांगितलेला व्यायाम बंद करायला नको होता. मूठ उघडायचं शिकायचं हेच त्याचं वय आहे."

सासूबाईंनी थेट विचारलं.

"म्हणजे इतके दिवस आम्ही उंदराचं औषध पोराला दिलं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बहीण हसली नाही. तिनं हात पदराला पुसले, बाळाचं डोकं सरळ धरलं आणि न्हाव्याला म्हणाली, "काका, तुम्ही उरलेलं काढा. रडू द्या त्याला."

जेवायला बसलो तेव्हा पुऱ्या गरम होत्या आणि सासूबाईंनी मला रव्याचा गोड दराबा आग्रहानं वाढला. आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. बहीण दचकून उठली, मग परत बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बुऱ्हाणपूरला त्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी बाळाला सतरंजीवर निजवलं, कोपर, मनगट, बोटं हलवून पाहिली. चेहरा कठीण झाला.

"हे आखडलंय. इतके महिने कुठे होता तुम्ही? तुम्हाला सांगितलं होतं ना, रोज करायचं?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गावाला गेलो होतो, मॅडम. चूक माझीच."

"आईलाच काळजी नसेल तर आम्ही काय करायचं?"

मी तोंड उघडलं. बहिणीनं बाजूनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. लहानपणी वडील माझ्यावर ओरडायला लागले की ती असाच हात ठेवायची. मी गप्प बसलो नाही, एवढंच त्या दिवसाचं सांगण्यासारखं आहे.

"मॅडम, बंद मी करायला सांगितलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"मामा."

"डॉक्टर आहात?"

"नाही."

त्यांनी माझा हात ओढून बाळाच्या मुठीवर ठेवला. "बोटं ओढायची नाहीत. आधी मनगट वाकवा, मग अंगठ्याच्या बुडाशी धरून हळू बाहेर. रडला तर गाणं म्हणा. हात सोडू नका."

मी मनगट वाकवलं. बाळ रडायला लागलं. हात पूर्ण मोकळा होईल का, असं बहिणीनं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, सवयीनं, मला माहीत असेल म्हणून.

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि रडणाऱ्या बाळासाठी मोठ्यानं गाणं म्हणायला लागली.