पंधरा तास, विनाथांबा

बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून मी एकतीस वर्षं काढली. मारेगावची गाडी या घडीला कुठं पोचली असेल, हे मी डोळे मिटून सांगायचो. त्यामुळे मुलीच्या बाळंतपणासाठी बायकोला कॅनडाला पाठवायची वेळ आली, तेव्हा वाटलं, हे तर आपलंच खातं. माझा व्हिसा अडकला होता, तिचा आला होता. म्हणजे बाई एकटीच जाणार. दिल्लीपर्यंत हिंदीवर निभलं असतं, पुढं इंग्रजीच्या नावानं आनंदीआनंद.

यवतमाळच्या तिकीट एजंटनं सांगितलं, दिल्ली ते टोरांटो साडेअकरा हजार किलोमीटर, पंधरा तास, मधे कुठंच थांबा नाही. मला ते काही पटेना. घरी येऊन जगाच्या नकाशावर दोरा लावला, दिल्लीपासून सरळ पश्चिमेला, समुद्र ओलांडून. हिशेब चौदा हजारांवर गेला. अडीच हजार किलोमीटर गेले कुठं? दुसऱ्या दिवशी दोरा घेऊनच त्याच्या दुकानात धडकलो. माणूस मोठा सोशिक. त्यानं टेबलावरचा पृथ्वीगोल पुढं सरकवला आणि म्हणाला, काका, आता इथं लावा. दोरा ताणला, तर तो पश्चिमेला जायचं सोडून वर उत्तरेकडं सरकला आणि आखूडही झाला. माझी एकतीस वर्षांची नोकरी त्या प्लास्टिकच्या गोळ्यानं पार धुऊन काढली.

पण खरी धास्ती अंतराची नव्हतीच. बायकोचे गुडघे दुखतात. पंधरा तास एका जागी बसून बाईचे हाल काय होतील, या विचारानं माझा जीव उडाला होता. मधे थांबणारं विमान पाहिलं, तर त्यात बावीस तास, शिवाय परक्या देशात विमान बदलायचं. ते काही तिला जमणारं नव्हतं. मग नागपूरच्या विमानतळावर तिच्या हातात एक कागद दिला. दर दोन तासांनी उठायचं, चालायचं, पाणी प्यायचं. तिनं तो न वाचताच पर्समध्ये कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी मोबाइलच्या नकाशावर सरकणारं तिचं इवलंसं विमान पाहत बसलो. दर दोन तासांनी मीच उठून अंगणात चकरा मारत होतो. शेजाऱ्यानं कुंपणावरून विचारलं की गुडघे नेमके कोणाचे दुखतात, तुमचे की वहिनींचे? त्याला झापलं खरं, पण दुपारी ताट तसंच झाकून ठेवलं. आपणच तिला एकटीला लोटून दिलं, असं वाटून डोळे भरून यायचे.

संध्याकाळी मुलीच्या फोनवरून बायकोचा आवाज आला. मी आधी गुडघ्यांचं विचारलं.

"गुडघ्यायचं सोडा जी," ती म्हणाली. "थे विमानातली पोरगी घडीघडी येऊन विचारे, आंटी, कुछ चाहिए क्या. जेवण हातात, चहा हातात. पंधरा तास मले कोणी कामाले उठवलं नाही."

चौतीस वर्षांत या घरात तिला असं एकदाही कोणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

"आयकून राह्यले ना तुमी?" ती म्हणाली. "वापस येतानी याच्याहून लांबचं विमान पाहजा."