तो खेळतोय तोवर

माझ्या बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना.

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आमच्या घरामागे एक तळं आहे. पक्ष्यांना खायला घालू नये अशी तिथे पाटी आहे, आणि तिच्याच शेजारच्या पिकनिक टेबलावर आम्ही पान मांडलं होतं. पिंड, दही, तूप, आणि तिला आवडायची म्हणून मी केलेली, बिघडलेली कोथिंबीर वडी. भटजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते. एडिसनहून आलेला माझा मेव्हणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तळ्यावरच्या बदकांना हाकलत होता. इकडची बदकं माणसाला भीत नाहीत, ती सरळ पिंडाकडे चालत येत होती. कावळाही होता. दिव्याच्या खांबावर बसून आमची गंमत बघत होता.

"दाजी, काहीतरी राहिलंय ताईचं," मेव्हणा म्हणाला. "बोला काहीतरी."

मी हात जोडले. "पोरीला नीट सांभाळीन." कावळा ढिम्म. मेव्हणा म्हणाला, "ताई, आईकडे मी बघतो, तू काळजी करू नकोस." नाही. अर्धवट राहिलेलं बेसमेंट पूर्ण करीन, असंसुद्धा मी बोलून बसलो. तरी नाही. भटजींकडे संध्याकाळ झाली होती, त्यांना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घ्या. चालतं तसं."

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती मागून म्हणाली, "बाबा, हिज मॅचेस. आता त्याच्या मॅचेस कोण वॉच करणार?"

मी वैतागलो होतो. जवळजवळ ओरडलोच, "मी बघीन! तो रिटायर होईपर्यंत एकही सोडणार नाही. झालं समाधान?"

कावळा खाली आला आणि त्याने भाताला चोच लावली. मेव्हण्याने डोळे पुसले. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. अठरा वर्षं संसार केला, आणि हिचा जीव अडकला कशात, तर फुटबॉलमधल्या एका स्पॅनिश लेफ्ट बॅकमध्ये.

ती सांगलीची. कॉलेजात कबड्डी खेळायची, डाव्या कोपऱ्यावर. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायची आणि सोडायची नाही. अमेरिकेत आल्यावर कबड्डी गेली. मग एका शनिवारी सकाळी टीव्हीवर तिला हा दिसला, विशीतला, कुठल्याशा कोळ्यांच्या गावातून मोठ्या क्लबात आलेला. स्पेनमध्ये दुपार असते तेव्हा आमच्याकडे पोह्यांची वेळ. सोफ्याच्या डाव्या टोकाला बशी घेऊन ती बसायची ती मॅच संपेपर्यंत. मी नागपूरचा, क्रिकेटवाला. नव्वद मिनिटं पळायचं आणि एक-शून्य, ह्यात बघायचं काय, असं मी विचारायचो.

"गोल मारणाऱ्याकडे सगळेच बघतात," ती म्हणायची. "ह्याच्याकडे बघ. समोरचा किती नाचतोय, पण हा हलत नाही. जो आधी हलला तो फसला."

ती आजारी पडली त्याच सुमाराला त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या बेडवर फोन पाण्याच्या जगला टेकवून ती त्याच्या बातम्या बघायची. "आम्ही दोघं एकदमच उठणार बघ," म्हणाली. तो उठला.

तर मी मॅच बघू लागलो. तिच्या जागेवर मी बसत नसे, उजव्या टोकाला बसायचो. मुलगी खाली गालिच्यावर. बोलणं फारसं नव्हतं. तिला काही विचारलं की उत्तर इंग्रजीत यायचं, एका शब्दाचं. मी डेटा सेंटरमध्ये काम करतो. तिथे पडद्यांवर हिरवे दिवे बघत बसायचं, आणि काही घडलं नाही की दिवस चांगला गेला म्हणायचं. घरीही तसंच चाललं होतं. मला दुःख होत नव्हतं. लोक येत, खांद्यावर हात ठेवत, "रडून घे रे एकदा" म्हणत. दात काढताना इंजेक्शन दिलेल्या गालासारखा मी सगळाच झालो होतो. ओढलेलं कळतं, दुखत नाही. भूकही लागत नव्हती. मी दोनदा दिवसभर जेवायचं विसरलो, तेव्हा मुलीने माझ्या फोनवर जेवणाचे अलार्म लावून दिले. एक वाजता आणि साडेसातला. वाजला की मी जेवायचो.

गुडघ्यानंतर तो मंदावला. हे मला दिसायला लागलं ह्याचंच मला नवल वाटलं. पूर्वी तो वाट बघायचा ती मुद्दाम, आता इलाज नव्हता म्हणून. त्याच्या क्लबने एक हंगाम त्याला कॅप्टन केलं आणि पुढच्या हंगामात सोडलं. मग तो खालच्या श्रेणीत गेला. तिथे प्रेक्षक इतके थोडे, की त्याचं ओरडणं टीव्हीवर ऐकू यायचं. मग एक दिवस मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, अहो, तो आपल्याकडेच येतोय यार, अमेरिकेत!"

आला. बहुतेक वेळ बाकावरच बसलेला असायचा. मी मेव्हण्याला विचारलं, नुसता बसला असेल तर ती मॅच धरायची का? तो विचार करून म्हणाला, "धरा. शब्द रिटायर होईपर्यंतचा आहे." म्हणून मी दोन-दोन तास बाकाचं ओझरतं दर्शन व्हायची वाट बघत बसायचो. हसायचं त्याने हसावं. आठवडाभरात तेवढं एकच काम तिचं म्हणून उरलं होतं, आणि ते मी चोख करत होतो.

ती गेल्यावर तिसऱ्या वर्षी त्याने जाहीर केलं, हंगाम संपला की थांबणार. शेवटची मॅच आमच्यापासून तासाभरावरच्या स्टेडियममध्ये, ऑक्टोबरातल्या शनिवारी दुपारी. मुलीने दोन तिकिटं काढली. आणि मला भीती वाटली. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तेही हे. मॅच संपली की शब्द पुरा होणार. शब्द पुरा झाला की तिचं इथे काही अडकलेलं राहणार नाही, मग ती खरीच जाणार. मी इंजिनिअर आहे, हे सगळं मला हास्यास्पद वाटायला हवं होतं. पण मी रीतसर ठरवलं की ही मॅच बघायची नाही. एक मॅच बाकी ठेवायची.

स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि म्हणालो, "तू जा. मी इथे बसतो."

"व्हॉट? बाबा, सिरियसली?"

"मी नाही बघितली तर ते पूर्ण होणार नाही."

तिला कळलं होतं. कळलं नसतं तर भांडली असती. दार जोरात आपटून ती गेली, आणि मी काचा वर करून बसलो. काचा बंद असूनही आतला आरडाओरडा ऐकू येत होता. मी रेडिओ लावला, बंद केला. बराच वेळ गेला.

मग तिचा फोन आला. मागे प्रचंड गोंगाट. "बाबा, तो आत आलाय." ती मराठीत बोलत होती, शब्द शोधत शोधत. "डाव्या कोपऱ्यात आहे. समोरचा मुलगा खूप फास्ट आहे. नाचतोय. पण तो हलत नाहीये. आई म्हणायची ना, जो आधी हलला... बाबा, मला एकटीला नाही बघायचं."

मी उतरलो. दाराशी तिकीट दाखवताना फोन दोनदा हातातून पडला. चुकीच्या जिन्याने चढलो, लोकांचे पाय तुडवत तिच्यापर्यंत पोहोचलो. तिने जॅकेट ठेवून माझी खुर्ची अडवली होती. दहाएक मिनिटं उरली असतील. तो पोरगा एकदा त्याला चकवून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा हा उभा राहिला, उभाच राहिला, आणि शेवटी शांतपणे त्याच्या पायातला बॉल काढून बाहेर मारला. टाळ्या फार नव्हत्या. मुलगी उभी राहून शिट्टी मारत होती. शिट्टी कुणी शिकवली ते मी विचारलं नाही, तिची आई तशीच मारायची.

रेफरीची शिट्टी झाली, मॅच संपली. तो तिथेच गवतावर बसला आणि बूट काढू लागला. मी थांबून राहिलो. काही झालं नाही. ती गेली असेल तर मला कळलं नाही.

"मग आता शनिवारी?" मुलीने मैदानाकडे बघत विचारलं. "तू तुझ्या रूममध्ये बसणार?"

तिचा आवाज साधा होता, पण जॅकेटची चेन ती वरखाली करत होती. माझा पहिला शब्द ऐकून कावळा का हलला नाही, ते मला तेव्हा कळलं. पोरीला सांभाळीन असं म्हणायला काय लागतं? मॅचच्या शब्दात निदान शनिवारची वेळ ठरलेली होती, आणि एकाच खोलीत बसायचं होतं.

"पोहे करू," मी म्हणालो. "खाली गालिच्यावर बसेन मी, तुझ्याबरोबर."

"मॅच नसताना?"

"नसताना."

गाडीकडे चालताना हवा गार झाली होती. कुणीतरी गाडीच्या मागे शेगडीवर काहीतरी भाजत होतं, त्याचा वास आला. मी थांबलो.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. भूक लागली."

तिने माझ्या हातातला फोन घेऊन बघितला. अलार्मला अजून तास-दीड तास होता. फोन तसाच छातीशी धरून ती त्या पार्किंगमध्ये रडायला लागली.