फ्रिजवरची शाल

घाटंजीत आमच्या समोरच्या घरी राहणाऱ्या मावशी बोलायच्या, पण हातातली क्रोशाची सुई थांबायची नाही. विणीतला एक खांब चुकला तरी अख्खी ओळ उसवायच्या. "कोण पाहते, मावशी?" मी म्हणायची. "मले दिसते ना, पोरी!"

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्या पांढऱ्या दोऱ्याची जाळीदार शाल विणत होत्या. मधूनच ती माझ्या खांद्यावर धरून पाहायच्या. "कोणासाठी?" "हाय एक शहाणी."

निकाल लागला. घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून गल्लीनं माझा सत्कार केला. जरीच्या शालीत मी घामानं भिजले, पण ती काढली नाही. मावशींनी आपली शाल हातात दिली. "उन्हाळ्याची हाय. अंगावर ओझं नाही व्हायचं." मला मात्र ती घरगुती वाटली. क्रोशाचं काम आमच्याकडे फ्रिजवरच टाकतात. मीही तिथंच टाकली.

आठवड्यानं मावशी बर्फ मागायला आल्या. फ्रिजचं दार उघडण्याआधी त्यांनी घसरलेली शाल दोन्ही हातांनी सारखी केली. "बरी दिसते इथं," म्हणाल्या.

ती तेव्हाच उचलून खांद्यावर घेता आली असती. मी बर्फ काढून दिला.