हंसाबाईंच्या फोनमध्ये तांड्याची ठेव

समजा, तुमच्या फोनवर 'जागा अपुरी' अशी पट्टी आली. आत शेकडो व्हिडिओ, आणि त्यातलं तुमचं म्हणावं असं जवळपास काहीच नाही. काय पुसाल?

दारव्ह्याजवळच्या तांड्यावरच्या अंगणवाडी सेविका हंसाबाई राठोड त्या दिवशी यातच अडकल्या होत्या. हजेरीचं नवं अॅप उतरत नव्हतं. ते उतरल्याशिवाय गंगीच्या जयाचं नाव चढणार नव्हतं, नाव चढल्याशिवाय तिचा आहार सुरू होणार नव्हता. मुदत त्याच संध्याकाळपर्यंत.

समोर जयाला कडेवर घेऊन गंगी उभी. तिच्या साध्या फोनवरून हंसाबाईंनी पुतण्याला, सुनीलला फोन लावला. दारव्ह्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

"काकी, दुकानात आण. कॉम्प्युटरवर काढून घेतो."

"जीप आता उद्या. इथूनच सांग."

"मंग मोठे व्हिडिओ पुस. पह्यला कोणता दिसते?"

"बसंतीच्या पोरीचा ढावलो." सासरी निघताना नवरी गळ्यात पडून गाते, तो.

"पुस."

"कायले पुसू? बसंतीनं ठेवाले देला."

ऊसतोडीला निघालेला जो तो घराची किल्ली हंसाबाईंकडे देतो. आता व्हिडिओही देतो. बसंतीबाईंना विचारावं, तर फोन बंद.

"दुसरा?"

"खेमसिंगच्या नवसाचा. नुसते पायच दिसून राह्यले."

"पाय कायले ठेवतं?"

"त्याचेच आहेत ना!"

"काकी, तुह्या फोन आहे का गोदाम?"

"दुसऱ्याचा माल वाटेत फेकणारे नोहो आपण."

सुनीलनं कपाळावर हात मारला. "तुह्यं सोताचं काही आहे का त्यात?"

होतं. ममताचा, त्यांच्या लेकीचा ढावलो. सुनीलला पाठवून पाहिला, नुसतं गोल फिरत राहिलं. जया किरकिर करायला लागली. हंसाबाईंनी तो पुसला.

जागा तेवढीच.

"ट्रॅशमधूनही काढा लागते, काकी."

"एकडाव पुसला ना मी! डबल काहून मारतं मले?"

तरी तिथूनही काढला. अॅप उतरलं, जयाचा फोटो घेतला, नाव चढलं. गंगीनं आपल्या फोनसाठी हात पुढे केला.

फोन ठेवण्याआधी हंसाबाई तणतणल्या, "सुनील, एक सांग मले. लेकरं तं तेवढीच आहेत. मंग हे अॅप दर खेपेले मोठं काहून होते?"